गावाचा जिव्हाळा, पर्यटनाचा पाया

मालवण-तारकर्लीत एखाद्या न्याहारी-निवासात उतरलात, की घरच्याच चुलीवरचं बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी पुढ्यात येते. जेवताना गप्पा होतात, ओळख वाढते. समान श्रद्धा, समान वागणूक आणि परस्परसंपर्क माणसांना बांधतात, हा समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांचा विचार. त्यावरूनच वूस्नम आणि नॉर्मन या अभ्यासकांनी २०१० मध्ये स्थानिकांचा पर्यटकांविषयीचा जिव्हाळा मोजण्याची पट्टी मांडली. तिची अंगं तीन: मोकळं स्वागत, जवळीक आणि समजून घेणं. जिव्हाळा असला, की गाव सहसा पर्यटनाच्या पाठीशी राहतं. पण किनाऱ्यावर बाटल्या फुटू लागल्या, विहिरी आटू लागल्या, की पैसा येत असूनही कपाळाला आठ्या पडतात. म्हणून नवी हॉटेलं बांधण्याआधी गावाला विचारलेलं बरं.