वारा सुटला की काठ का गढूळतो?

चोपडा तालुक्यातला गूळ प्रकल्प असो की शेजारच्या शिरपूरचं अनेर धरण, पाणी गढूळ झालं की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘वर कुठे तरी पाऊस झाला असेल.’ पुराचं पाणी गाळ आणतं हे खरंच. पण भर मे महिन्यात, वरून थेंबभर पाणी येत नसताना, पश्चिमेचा वारा तासभर चालला तरी पूर्वेच्या काठाला मातकट पट्टा उठतो. तो गाळ तिथलाच, तळाचा असतो.

लाट मधलं पाणी काठावर ढकलत आणते, हाही गैरसमजच. पाण्यावर वाळकी काडी टाकून बघा. लाट पुढे निघून जाते. काडी वर-खाली, थोडी मागे-पुढे होत जवळपास तिथेच राहते. पाण्याचे कण गोल फिरतात आणि खोलीनुसार ते गोल लहान होत जातात. दोन लाटांच्या माथ्यांमधलं अंतर चार मीटर असेल, तर दोन मीटर खोलीवर हालचाल जवळजवळ संपते. त्याहून उथळ पाण्यात मात्र ते गोल चपटे होतात आणि तळाशी पाणी नुसतं पुढे-मागे घासत राहतं. त्या घासण्यानेच गाळ उचलला जातो. उन्हाळ्यात धरण उतरतं, पावसाळ्यात खोल असलेला तळ लाटेच्या टप्प्यात येतो. म्हणून छोटी लाटही पुरते.

‘रात्रीत निवळेल’ असंही म्हणतात. बारीक रेती मीटरभर खाली बसायला दोनेक मिनिटं पुरतात. आपल्या काळ्या मातीतल्या दोन सहस्रांश मिलिमीटरच्या कणाला, पाणी अगदी स्थिर असलं तरी, साधारण तीन दिवस लागतात. तेवढ्यात पुन्हा वारा सुटतो. शिवाय खतांतून आलेलं, गाळाला चिकटलेलं फॉस्फरस वर येऊन शेवाळाला खाद्य मिळतं ते वेगळंच.

हतनूरसारखी धरणं लाटांनी भरत नाहीत. तो गाळ तापी-पूर्णेच्या पुरांचा. लाटा मुख्यतः उथळातला गाळ उचलून खोल भागाकडे सरकवतात. मातीच्या धरणाला पाण्याच्या बाजूने दगडी पिचिंग असतं, तेही भिंतीला बळ देण्यासाठी नव्हे, तर लाटांनी माती खाऊ नये म्हणून.

गाळपेर करणाऱ्यांना म्हणूनच सांगणं आहे: पाण्याच्या कडेपर्यंत नांगर घालू नका. लव्हाळ्याचा, पाणकणसाचा पट्टा राहू द्या. तो लाटेचा जोर मोडतो आणि मुळांनी माती धरून ठेवतो.