पायदुखी अंगावर काढू नका

नगर-मनमाड रस्त्याने शिर्डीला पायी जाणाऱ्या भाविकांच्या वाटेवर प्रवराकाठचे कोल्हार लागते. येथवर येईपर्यंत अनेकांचे पाय भरून येतात. मलम चोळून वाटचाल सुरूच राहते. मात्र प्रत्येक वेदनेचे कारण थकवा नसते.

सकाळी पहिले पाऊल टाकताच टाचेत कळ येत असेल, तर तळव्यातील जाड स्नायुबंध दुखावलेला असू शकतो. अंगठ्याचा सांधा एका रात्रीत लाल होऊन सुजल्यास युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या 'गाउट'ची शक्यता असते. हाडावर एकाच जागी दाबल्यावर दुखत असेल, तर अतिश्रमाने बारीक तडा गेलेला असू शकतो. तो सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये दिसेलच असे नाही.

पाय अचानक थंड, फिकट व बधिर होऊन असह्य दुखू लागल्यास रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याची शंका घ्यावी. काही तासांत उपचार न मिळाल्यास पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. मधुमेहींनी तर वेदनेची वाटच पाहू नये. संवेदना मंदावल्याने त्यांना जखम झालेली कळतही नाही. त्यांनी तळवे रोज तपासावेत, अनवाणी चालू नये.

कोल्हारजवळच लोणी येथे प्रवरा ग्रामीण रुग्णालय आहे. वेदनाशामक गोळी घेऊन पुढचा मुक्काम गाठण्यापेक्षा वेळीच तपासणी करून घेणे हिताचे.