अक्षय ठेवा आणि अर्धं घर

आई गेली त्यानंतर महिन्याभराने आमच्या चर्चमध्ये तिच्या स्मरणार्थ उपासना झाली. पाळकसाहेबांनी मत्तयाच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय घेतला होता. कसर, गंज आणि चोर यांच्या आवाक्यातली संपत्ती कुठली आणि आवाक्याबाहेरची कुठली, हे येशूने सांगितलंय तोच. आईला साजेसाच संदेश होता. मिशनच्या दवाखान्यात ती परिचारिका होती. पगार झाला की दहावा भाग आधी देवासाठी काढून ठेवायचा, किराणा मग. आम्हा भावंडांना तेव्हा याचा राग यायचा, कारण महिनाअखेरीला पिठल्यावर दिवस जायचे.

घरी आल्यावर आईची लोखंडी पेटी उघडली. चार सुती साड्या, शिवण उसवलेलं बायबल, गायनाचं पुस्तक, चर्चच्या वर्गणीच्या पावत्या आणि भिशी लावून केलेल्या दोन पाटल्या. एक माझी, एक भावजयीची, असं तिने आधीच सांगून ठेवलं होतं. पेटी पाच मिनिटांत वाटून झाली.

मग भावाने कागद पुढे केला. "ताई, इथे सही कर."

हक्कसोडपत्र होतं. घर आईच्या नावावर. वारस आम्ही दोघंच. मृत्युपत्र केलेलं नसेल, तर आम्हा ख्रिस्ती लोकांना 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू होतो आणि त्यात मुलगा-मुलगी असा फरक नाही. म्हणजे अर्धं घर माझं. माझा हात थबकलेला पाहून भाऊ म्हणाला, "रविवारच्या शाळेत मुलांना स्वर्गातला ठेवा तूच शिकवतेस ना? मग या विटामातीत कशाला अडकतेस?"

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला लाज वाटली. बचत गटाच्या बैठकीत मी बायकांना बजावते, की वाचल्याशिवाय कशावरही सही करायची नाही. आणि इथे माझाच सख्खा भाऊ माझ्याच विश्वासाचा दाखला देत होता. "चार दिवस दे," एवढंच म्हणाले आणि घरी आले.

त्या चार दिवसांत पंडिता रमाबाई पुन्हा वाचल्या. त्यांनी 1907 साली स्वतःच्या विश्वासाची साक्ष लिहिली, तिच्या नावातच अक्षय ठेवा आहे. पण ती सुरू होते ठेवा संपण्याच्या गोष्टीने. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी जोडलेलं सगळं तीर्थयात्रांत आणि दानधर्मात गेलं. मग दागिने, चांदीची भांडी, भारी वस्त्रं विकली, शेवटी तांब्यापितळेची भांडीसुद्धा. 1874 च्या सुमाराला वडील, आई, बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. आईच्या तिरडीला खांदा द्यायला पुरेशी माणसंसुद्धा मिळेनात. रमाबाईंचं वय तेव्हा सोळा.

संपत्ती टिकत नाही, हे त्यांना शुभवर्तमानातून कळायचं राहिलं नव्हतं. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा सोडण्यासारखं त्यांच्याजवळ होतं तरी काय? विद्या, नाव आणि कडेवरची मनोरमा.

मला थांबवलं ते पुढच्या भागाने. हीच बाई पुढे जमीन घेते! केडगावची. नगरजवळचं केडगाव नव्हे, पुण्याहून दौंडला जाताना लागतं ते. विहिरी खणून घेते, फळबाग लावते. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि बाया घेऊन येते आणि 1900 च्या आसपास तिथे दोन हजारांच्या जवळपास पानं वाढली जात असतात. ठरलेलं उत्पन्न नाही, उद्याचं धान्य कुठून येणार ते देवाला ठाऊक. तरी पोटाला उपाशी मुलीला त्यांनी नुसता स्वर्ग दाखवला नाही. विणकाम, शिवण, दुधाचा धंदा, छापखाना, सगळं शिकवलं. त्यांनी केलेलं बायबलचं सोप्या मराठीतलं भाषांतर त्या छापखान्यात बायकांनीच छापलं. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, पूर्ण बायबल बाहेर पडलं 1924 मध्ये.

म्हणजे स्वतःपाशी काही ठेवायचं नाही आणि दुसरीच्या हाताला मात्र बळ द्यायचं, असा त्यांचा हिशेब दिसतो.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी कित्येकींनी वाचलं असेल. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि बाईंची पाच वर्षं ताटातुटीत गेली. नंतर त्याही ख्रिस्ती झाल्या, पण आपल्या मनाने, आपल्या वेळेला. टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे. 1917 मध्ये तर त्यांनी मिशनचा पगारच सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभारायला निघाले. मोठा माणूस, संत म्हणावं असा. पण त्यागी माणसाच्या घरात चूल बाईलाच पेटवावी लागते, हेही आपण विसरू नये. लक्ष्मीबाई हे सगळं हसत हसत सांगतात. मला प्रत्येक वेळी हसू येतंच असं नाही.

आई स्वतः कमावलेल्या पगारातून द्यायची, म्हणून ते तिचं देणं होतं. माझ्यापुढच्या कागदावर तसं काहीच नव्हतं. त्यावर मी काही देत नव्हते, माझं नाव फक्त पुसलं जाणार होतं.

आणखी एक गोष्ट होती. आईची शेवटची सहा वर्षं काढली ती भावजयीने. औषधं, अंघोळ, रात्रीची उठबस, सगळं. भाऊ मनाने वाईट नाही, पण त्याने दोनदा धंद्यात उडी घेतली आणि दोन्हीदा बुडाला. दुसऱ्या वेळी भावजयीच्या अंगावरचं डोरलंसुद्धा गेलं. तिला मी विचारलं, "घर कोणाच्या नावावर होतंय, तुला माहीत आहे?" ती म्हणाली, "मला कोण विचारतंय ताई?"

चौथ्या दिवशी भावाला सांगितलं, आधी मिळकतपत्रिकेवर आपल्या दोघांची नावं लागू देत. तो रुसला. दोन रविवार चर्चमध्ये माझ्या बाकावर बसला नाही. नावं लागायला सहा-सात महिने गेले. त्यानंतर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन माझ्या अर्ध्या हिश्श्याचं बक्षीसपत्र केलं, भावजयीच्या एकटीच्या नावाने. हक्कसोडाच्या कितीतरी पट मुद्रांक शुल्क पडलं. ते मी माझ्या मुदतठेवीतून भरलं. आमचे हे म्हणालेच, "देऊनच टाकायचं होतं, तर एवढा खटाटोप कशाला?"

नोंदणीच्या वेळी भावजयीचा फोटो निघाला, अंगठ्याचा ठसा घेतला. तिथल्या बाकावर बसून तिने तो दस्त दोनदा वाचला. मग पिशवीतला डबा काढला आणि शेंगदाण्याचा लाडू माझ्या हातावर ठेवला. भाऊ बाहेर चहाच्या टपरीवर उभा होता. थोड्या वेळाने तोही आत आला आणि "ताई, ऊन वाढतंय, रिक्षा आणू का?" म्हणाला. बऱ्याच दिवसांनी धड बोलला.

मी काही संतपदाला पोचलेली नाही, हेही सांगून टाकते. यंदा नाताळात मंडळीच्या वसतिगृहासाठी मदत मागितली, तेव्हा आईची पाटली द्यावी असं क्षणभर मनात आलं होतं. हातातून काढायला गेले, तर निघेना. साबण लावला असता, तर निघाली असती. पण साबण आणायला मी उठले नाही.