श्वान सेवेचा असो वा सोबतीचा, परवाना हवाच!

अंध व्यक्तीला वाट दाखवणारा प्रशिक्षित कुत्रा आणि नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला आपल्या सहवासाने धीर देणारा घरातला कुत्रा, या दोहोंत मोठे अंतर आहे. महापालिकेच्या दप्तरी मात्र दोघेही पाळीव कुत्रेच. परवाना दोघांसाठीही लागतो, आणि तो हाती आला म्हणून एखाद्या कार्यालयाचे वा उपाहारगृहाचे दार आपोआप उघडत नाही. इंटरनेटवर पैसे भरून मिळणाऱ्या ‘सर्व्हिस डॉग’ किंवा ‘इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल’ या प्रमाणपत्रांनी या बाबतीतील गोंधळात भर घातली आहे. त्यातून कुत्रा पाळणाऱ्यांची फसगत होतेच. पण ज्यांना अशा श्वानाची खरोखर गरज आहे, त्या दिव्यांग व्यक्तींकडेही संशयाने पाहिले जाते. म्हणूनच परवाना कशाचा आणि हक्क कोणाचा, हे वेगवेगळे समजून घेणे आवश्यक आहे.

परवाना कशासाठी?

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, राज्यातील जुन्या नगरपालिकांपैकी एक. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिचे महापालिकेत रूपांतर झाले आणि जुन्या पनवेल शहराबरोबरच खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या सिडकोने वसवलेल्या वसाहतीही तिच्या हद्दीत आल्या. या सर्व भागाला आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू होतो. कुत्र्यांवर कर बसवण्याचा अधिकार या कायद्याच्या कलम १२७ नुसार महापालिकांना आहे. पाळीव कुत्र्याचे लसीकरण आणि स्थानिक कायद्यानुसार परवाना ही मालकाची जबाबदारी असल्याचे केंद्र सरकारच्या २००१ च्या श्वान प्रजनन नियंत्रण नियमांनी स्पष्ट केले होते. त्यांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली. पाळीव प्राण्याचे लसीकरण व जंतनाशक औषधोपचार यांची जबाबदारी त्यातही मालकावरच आहे.

परवान्यामागील मुख्य कारण रेबीज हेच आहे. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते. उलट वेळेवर घेतलेल्या लसीने तो पूर्णपणे टाळता येतो. पिल्लू साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली लस, त्यानंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पुढील मात्रा आणि मग ठराविक काळाने पुन्हा लस, असा हा क्रम असतो. परवान्याच्या अर्जासोबत लसीकरणाचा दाखला मागितला जातो तो यासाठीच. त्याखेरीज साधारणपणे मालकाचा ओळख व निवासाचा पुरावा आणि कुत्र्याचे छायाचित्र लागते. शुल्क महापालिका ठरवते आणि ते बदलू शकते. म्हणून अर्ज करताना चालू वर्षाचा दर व नूतनीकरणाची मुदत पालिकेकडूनच जाणून घ्यावी. तालुक्यातील सर्वच गावे पालिका हद्दीत नाहीत; ग्रामपंचायत क्षेत्रात राहणाऱ्यांनी तेथील कार्यालयात चौकशी करावी.

तिघांतील फरक

मदतनीस श्वानांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला सहायक श्वान. अंध व्यक्तीला अडथळे टाळून नेणे, कर्णबधिर व्यक्तीला दारावरची घंटा वाजल्याचे कळवणे, चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीला पडलेली वस्तू उचलून देणे अशा ठराविक कामांचे प्रशिक्षण त्याला दिलेले असते. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत असे श्वान शिकवण्यास सुरुवात झाली. अमेरिकेत १९२९ मध्ये ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन झाली. भारतात असे प्रशिक्षित श्वान आजही फार थोडे आहेत.

दुसरा प्रकार उपचार-साहाय्य करणाऱ्या श्वानाचा. तो एका व्यक्तीचा नसतो. समुपदेशक किंवा प्रशिक्षकाबरोबर शाळा, रुग्णालये, वृद्धाश्रम येथे जातो. मानसशास्त्रज्ञ मीनल कविश्वर यांच्या ‘अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन’ने महाराष्ट्रात या कामाची ओळख करून दिली.

तिसरा प्रकार भावनिक आधार देणाऱ्या प्राण्याचा. त्याला विशेष प्रशिक्षण नसते. त्याची सोबत हाच आधार. हा आधार खोटा नसतो, मात्र भारतीय कायद्यात त्याला वेगळा दर्जा नाही.

हक्क माणसाचा, कुत्र्याचा नव्हे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश असून मानसिक आजारही त्यात आहे. सहायक श्वानाची व्याख्या मात्र या कायद्यात नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्येही भावनिक आधाराच्या प्राण्याविषयी तरतूद नाही. साहजिकच एखाद्या संकेतस्थळावरून मागवलेले ओळखपत्र वा कुत्र्याच्या अंगावरील लाल जाकीट यांना कायद्याचे बळ मिळत नाही.

याचा अर्थ दिव्यांग व्यक्ती निराधार आहे असा नाही. या कायद्याने दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे आणि ‘वाजवी सोय’ ही संकल्पना मान्य केली आहे. समोरच्यावर अवाजवी बोजा न पडता, दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क बजावता यावा यासाठी केलेला आवश्यक बदल म्हणजे वाजवी सोय. कार्यालयात किंवा महाविद्यालयात मार्गदर्शक श्वान सोबत असू द्यावा, ही मागणी या तत्त्वाच्या आधारे करता येते. तेथे कुत्र्याच्या प्रमाणपत्रापेक्षा व्यक्तीचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र, श्वानाचे प्रशिक्षण आणि तो करीत असलेले नेमके काम यांना महत्त्व येते. मागणी लेखी करावी, नकारही लेखी मागावा. दाद मागायची झाल्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय पुण्यात आहे.

सोसायटीत काय?

‘आधार प्राणी’ असे प्रमाणपत्र विकत घेण्यामागे बहुधा सोसायटीच्या बंदीची भीती असते. प्रत्यक्षात त्यासाठी अशा प्रमाणपत्राची गरजच नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही; लिफ्टचा वापरही नाकारता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशा बंदीच्या नियमांना बेकायदा ठरवले. घर भाड्याने घेणाऱ्यांनी मात्र घरमालकाशी होणाऱ्या करारातील अटी सहीपूर्वीच वाचाव्यात.

या संरक्षणाबरोबर कर्तव्येही येतात. जिना व लिफ्टमध्ये कुत्रा पट्ट्यात असावा, त्याची घाण मालकाने उचलावी, शेजाऱ्यांची झोप मोडेल असे भुंकणे आवरावे. प्राण्यापासून माणसाला होऊ शकणारा धोका टाळण्यात हयगय केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कुत्रा चावल्यास, तो परवानाधारक असला तरी, जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

अमेरिकेचे कागद इथे चालत नाहीत

‘इमोशनल सपोर्ट’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे आला तो मुख्यतः अमेरिकेतून. तेथील दिव्यांगविषयक १९९० च्या कायद्याखाली सार्वजनिक ठिकाणी प्रवेशाचा हक्क प्रशिक्षित सहायक श्वानाला आहे, केवळ भावनिक आधाराच्या प्राण्याला नाही. हा श्वान दिव्यांगत्वामुळे आवश्यक आहे का आणि तो कोणते काम करण्यास शिकला आहे, एवढे दोनच प्रश्न दुकानदार विचारू शकतो. कागदपत्रे मागू शकत नाही. विमान कंपन्यांवरील भावनिक आधाराचे प्राणी नेण्याचे बंधनही जानेवारी २०२१ पासून उठले. विशेष म्हणजे तेथेही स्थानिक परवाना आणि लसीकरण यांतून सहायक श्वानाला सूट नाही. इतर कुत्र्यांना लागू असलेले नियम त्यालाही लागू होतात. परदेशातून कुत्र्यासह पनवेलला परतणाऱ्या कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे. तेथील प्रमाणपत्राने येथील परवाना टळत नाही.

प्रवासाचेही तसेच. रेल्वेत पाळीव कुत्र्याला डब्यात सोबत न्यायचे तर प्रथम वर्गाचा पूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित असावी लागते. अन्यथा त्याची जागा गार्डच्या डब्यातील पेटीत. विमानाने जायचे तर प्रत्येक कंपनीचे नियम निराळे असल्याने तिकीट काढण्यापूर्वीच लेखी विचारणा करावी.

थोडक्यात, सर्वप्रथम लस, मग परवाना आणि गळ्यात बिल्ला, हा क्रम सर्वच श्वानांसाठी सारखा आहे. दिव्यांग व्यक्तीने त्याखेरीज आपले दिव्यांगत्व प्रमाणपत्र व श्वानाच्या प्रशिक्षणाची कागदपत्रे जवळ बाळगावीत. इतरांनी मात्र आपल्या लाडक्या कुत्र्याला सहायक श्वान म्हणवून घेण्याचा मोह टाळावा. प्रत्येक खोट्या दाव्यानंतर दारावरचा पहारेकरी अधिक कठोर होतो, आणि त्याचा फटका पुढच्या वेळी खऱ्या गरजवंताला बसतो.