६.५ क्रीडमोर की .२६० रेमिंग्टन? गोळी एकच, मग काडतुसं दोन कशाला?

हा या भागाचा लेखी उतारा. आज आकडे बरेच आहेत आणि ऐकताना ते निसटतात, म्हणून इथे नीट लिहून ठेवलेत. मात्र बोलण्याची भाषा आहे तशीच ठेवलीय.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा प्रश्न आला होता. "दादा, ६.५ क्रीडमोर आणि .२६० रेमिंग्टन दोन्हीत ६.५ मिलिमीटरचीच गोळी, वेगही जवळपास सारखाच. मग अमेरिकेत एक जण राज्य करतोय आणि दुसरा कोपऱ्यात बसलाय, असं का?" प्रश्न भारी आहे. कारण उत्तर वेगात नाही, तीन-साडेतीन मिलिमीटरच्या हिशोबात आहे.

आधी शब्द साफ करू. पब्जी खेळताना आपण ५.५६, ७.६२ म्हणतो ना, तो ढोबळमानाने गोळीचा व्यास. गोळी म्हणजे फक्त पुढचा, उडून जाणारा तुकडा. काडतूस म्हणजे अख्खं पॅकेज: पितळेची केस, तळाला प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. केसचा वरचा अरुंद भाग म्हणजे मान, आणि मान जिथे रुंद होते तो उतार म्हणजे खांदा. रीलोडिंग म्हणजे वापरलेली पितळी केस पुन्हा मापात आणून, नवा प्रायमर, मोजून दारू आणि नवी गोळी बसवणं.

आता लांब पल्ल्याचे लोक ६.५ कडे वळले का? वाऱ्यामुळे. जुना भरवशाचा गडी म्हणजे .३०८ विंचेस्टर, १९५२ चा. त्याची १७५ ग्रेनची मॅच गोळी साधारण २,६०० फूट प्रति सेकंद वेगाने निघते. क्रीडमोरची १४० ग्रेनची गोळी २,७०० च्या आसपास. वेगात फार फरक नाही, पण ६.५ ची गोळी बारीक आणि लांबट असल्यामुळे हवा कमी कापावी लागते. १,००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, बाजूने ताशी १० मैलांचा वारा असेल तर .३०८ ची गोळी सुमारे अडीच मीटर सरकते, ६.५ ची सुमारे पावणेदोन.

"वारा मोजून तेवढं बाजूला नेम धरायचा की!" हो, पण वारा बरोबर मोजता येत नाही, हीच तर गंमत आहे. समजा तुमचा अंदाज ताशी फक्त १ मैलाने चुकला. .३०८ ची गोळी सुमारे १० इंच बाजूला जाईल, ६.५ ची सुमारे ७ इंच. अमेरिकेतल्या पारंपरिक १,००० यार्डांच्या टार्गेटवर १० गुणांचं वर्तुळ २० इंच व्यासाचं, म्हणजे मध्यापासून काठ १० इंचांवर. चूक सारखीच, पण एकाचा दहा काठावर लटकला आणि दुसऱ्याचा आरामात आत. माझ्या मते ६.५ ची सगळी लोकप्रियता या एका उदाहरणात आहे.

इथपर्यंत क्रीडमोर आणि .२६० एकाच बाजूला आहेत. आता भांडण लावू.

.२६० रेमिंग्टन १९९७ साली आलं. कल्पना सोपी: .३०८ ची केस घ्या आणि तिची मान आवळून ६.५ ची करा. हे घरगुती प्रयोग म्हणून नेमबाज आधीपासून करत होतेच, रेमिंग्टनने त्याला अधिकृत रूप दिलं. पण त्यांच्या डोळ्यासमोर मुख्यतः शिकारी होता. नळीतल्या खाचांचा पीळ ९ इंचांत एक फेरा असा ठरला. मध्यम लांबीच्या गोळीला तो चालतो, पण अगदी लांब मॅच गोळी स्थिर ठेवायला ८ इंचांत एक फेरा बरा.

खरी अडचण लांबीची. शॉर्ट ॲक्शन रायफलच्या मॅगझिनमध्ये काडतूस किती लांब मावेल याला हद्द आहे. .२६० ची अधिकृत कमाल लांबी ७१.१ मिलिमीटर आणि त्यातली केसच ५१.७. उरले १९.४. क्रीडमोरची कमाल लांबी ७१.८, केस ४८.८. उरले २३. आता १४० ग्रेनची मॅच गोळी घ्या, जवळपास ३५ मिलिमीटर लांब. .२६० मध्ये तिचा सुमारे १५.६ मिलिमीटर भाग केसच्या आत जातो, क्रीडमोरमध्ये १२. दोघांची मान साधारण सात मिलिमीटर. म्हणजे .२६० मध्ये गोळीची शेपटी मानेच्या खाली बरीच उतरून दारूची जागा खाते. आणि गोळीचं नाक फार लांब असेल तर निमुळता भागच मानेत येतो, पकड नीट बसत नाही.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर .२६० हा जुन्या कोडवर केलेला पॅच आहे. क्रीडमोर रिक्वायरमेंट लिहून मग बांधलेली सिस्टिम. आणि तसंच घडलं. २००५ मध्ये कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय स्पर्धांच्या वेळी हॉर्नडी कंपनीचे डेव्ह एमरी आणि नामवंत नेमबाज डेनिस डेमिल यांचं यावर बोलणं झालं. काय काय हवं याची यादी निघाली आणि .३० टीसी नावाची आखूड केस पायाला घेतली गेली. २००७ मध्ये काडतूस बाजारात आलं. खांदा २० ऐवजी ३० अंशांचा, पीळ ८ इंचांचा, मान्य कमाल दाब ६२,००० पीएसआय (.२६० चा ६०,०००).

नावाची छोटी गोष्ट. क्रीडमोर हे न्यूयॉर्कजवळचं रेंज, १८७३ मध्ये सुरू झालेलं, क्रीड नावाच्या कुटुंबाच्या शेतजमिनीवर. १८७४ मध्ये तिथे आयर्लंड आणि अमेरिकेचा सामना झाला: ८००, ९०० आणि १,००० यार्ड. अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ अशी जिंकली. तीन गुणांनी!

पण मला विचाराल तर क्रीडमोर जिंकलं ते खोक्यामुळे. हॉर्नडीने सुरुवातीला काडतुसांच्या खोक्यावरच रेसिपी छापली होती: कोणती दारू, किती, कोणती गोळी. जो रीलोडिंग करत नाही त्याला दुकानात तयार मॅच काडतूस, जो करतो त्याला सुरुवात कुठून करायची ते माहीत. एका अर्थाने ओपन सोर्सच. .२६० वाल्याला चांगला निकाल हवा तर बहुतेकदा स्वतःच भरावं लागायचं.

मग .२६० वाईट का? अजिबात नाही. केसमध्ये जागा किंचित जास्त आहे. लांब मॅगझिन किंवा एकेक काडतूस हाताने भरायची रायफल असेल तर गोळी बाहेर काढून बसवता येते, आणि तेव्हा ती क्रीडमोरपेक्षा २०-५० फूट जास्त वेग देऊ शकते. शिवाय .३०८ ची पितळ कुठेही मिळते, मान आवळली की कच्चा माल तयार. फक्त आवळल्यावर मानेची भिंत जाड होते, ती मोजून गरजेप्रमाणे तासावी लागते. नाहीतर गोळी जास्त घट्ट धरली जाते आणि दाब चढतो.

रीलोडिंगवाले वेगापेक्षा सातत्याच्या मागे असतात. १,००० यार्डांवर वेगात १० फुटांचा फरक म्हणजे उभ्या रेषेत साधारण अडीच-तीन इंच. दहा फैरींत सर्वात वेगवान आणि सर्वात मंद यांत ४० फुटांचं अंतर असेल, तर वारा शून्य असूनही १०-१२ इंचांचा उभा पसारा. सर्व्हरचा ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम मस्त, पण पी-९९ बोंबलतोय, तसंच हे. या बाबतीत दोन्ही काडतुसं उत्तम आहेत, फरक पडतो तो पितळ आणि भरणाऱ्याच्या हातामुळे. लापुआ तर क्रीडमोरची पितळ छोट्या रायफल प्रायमरसाठी बनवते, मोठा प्रायमर नाही. विकत घेताना हे बघायचं.

एक गोष्ट ठळक: दोघांचा तळ सारख्याच मापाचा, गोळी सारखीच, म्हणून काडतुसं एकमेकांच्या रायफलमध्ये चालतील असं समजू नका. चालत नाहीत. एकाचा दारूचा आकडा दुसऱ्याला लावणंही धोक्याचं. डोळ्यापासून काही इंचांवर ६०,००० पीएसआय आहे, इथे "बघू काय होतं" नसतं.

आणि हो, हे सगळं अमेरिकेतलं. आपल्याकडे शस्त्र कायदा, १९५९ आहे, परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. त्यामुळे यूट्यूब बघून घरी काही करायला जाऊ नका. आपला कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक घेऊन आला तो ५० मीटरचा प्रकार, .२२ रिमफायरचा. त्या काडतुसाचं प्रायमर केसच्या कडेतच भरलेलं असतं, त्यामुळे रीलोडिंगचा प्रश्नच येत नाही. तिथे नेमबाज कारखान्याचे वेगवेगळे लॉट आपल्या रायफलमधून तपासतात आणि जो जुळतो तो साठवून ठेवतात.

तर श्रोतेमित्रा, तुझ्या प्रश्नाचं थेट उत्तर: अमेरिकेत आज नवी रायफल घेणाऱ्याला मी क्रीडमोर सांगेन, दुकानात काडतूस मिळतं म्हणून. ज्याच्याकडे .२६० आहे आणि जो स्वतः भरतो, त्याने बदलायचं काही कारण नाही. दोघांचीही नळी सामन्याच्या अचूकतेला साधारण २,००० ते ३,००० फैरी टिकते. ती संपली की नवी बसवताना हवं तर विचार करावा.

पुढच्या भागात नळी झिजते म्हणजे नेमकं काय होतं, ते बोलू. भेटूया.