गोठ्यातला बल्ब आणि फ्लॅशचा घात

डिसेंबर लागला की वसईत घरोघरी नाताळचा गोठा उभा राहतो. पेंढ्याचं छप्पर, गव्हाण, कोपऱ्यात एक मिणमिणता पिवळा बल्ब. डोळ्यांना गोड दिसणारा हा देखावा फोटोत मात्र पांढराफटक उतरतो. ‘अंधार आहे, फ्लॅश मार’ हा सल्ला कोणीतरी दिलेलाच असतो, आणि घात तोच करतो. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. एक मीटरवर जेवढा पडतो, त्याचा चौथा हिस्सा दोन मीटरवर. म्हणून पुढचा मेंढपाळ उजेडाने धुऊन निघतो, मागची भिंत काळोखात जाते आणि बल्बचा पिवळेपणा पार पुसला जातो. फ्लॅश बंद करून कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, आयएसओ 100 ते 200, शटर अर्धा-एक सेकंद, दोन सेकंदांचा टायमर. ट्रायपॉड नसेल तर स्टुलावर तांदळाची पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवा. मी तेच करतो.

बाहेर टांगलेल्या नाताळच्या चांदण्या मिट्ट काळोखातच टिपाव्यात, हाही एक समज. नाताळात इकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. साडेसहाच्या आसपास आभाळ गडद निळं असतं आणि चर्चची कमान, झाडं, चांदणी सगळंच दिसतं. तासाभराने उरतात ते काळ्या पाटीवरचे ठिपके.

फोटोत आडवे पट्टे आले किंवा माळेतले निम्मे दिवे विझलेले दिसले, म्हणजे मोबाइल बिघडला असं नाही. आपली वीज 50 हर्ट्झची. स्वस्तातल्या एलईडी माळा सेकंदाला 50 किंवा 100 वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते सहसा कळत नाही, 1/500च्या शटरला कळतं. शटर 1/50 किंवा त्याहून मंद ठेवा.

मागच्या दिव्यांचे मऊ गोल हवे असतील तर लेन्सच्या किमतीपेक्षा अंतराचा विचार आधी करा: वस्तू कॅमेऱ्याजवळ, दिव्यांचं नाताळचं झाड तिच्यापासून लांब.

खरी गंमत झाडावर टांगलेल्या चकचकीत गोळ्याची. तो जवळून टिपताना फोकस चुकला असं वाटतं, पण तिथे फोकसच्या जागाच दोन आहेत. गोळ्याचा पृष्ठभाग हा बहिर्गोल आरसा. त्यातलं प्रतिबिंब पृष्ठभागाच्या थोडं मागे उमटतं. आठ सेंटीमीटर व्यासाच्या गोळ्यात ते दोन सेंटीमीटरपर्यंत मागे असतं. ऑटोफोकस कधी पृष्ठभागावरच्या चमकीच्या ठिपक्यांवर बसतो, कधी खोलीच्या प्रतिबिंबावर. गोळ्याची नक्षी हवी असेल तर समोरच्या नक्षीवरच बोट दाबून फोकस लॉक करा. आणि बाजूला सरकलं की आपण त्यात दिसणार नाही, या भ्रमात राहू नका. गोळ्यात जवळजवळ अख्खी खोली मावते, त्यात फोटो काढणारा आलाच. मागे जाऊन झूम केलं तर आपण निदान ठिपक्याएवढे होतो. पांढरा शर्ट असेल तर तेवढा बदला.