एक पिन, सत्तावीस देश

मागच्या भागात मीटर गेज आणि ब्रॉड गेजची गोष्ट झाली. सगळे रूळ एकाच रुंदीचे करायचं भारतीय रेल्वेने १९९२ मध्ये मनावर घेतलं आणि ते काम दशकानुदशकं चाललं. या आठवड्याची रुंदी मिलिमीटरांत मोजायची आहे. मोबाइलच्या बुडाशी असणारं टाइप-सीचं तोंड जेमतेम आठ-सव्वाआठ मिलिमीटरचं. पण ते सगळ्यांना सारखं करायला युरोपला तेरा वर्षं लागली आणि शेवटी कायद्याचा बडगा उगारावा लागला.

नोकियाची जाड पिन, मग बारीक पिन, सोनी एरिक्सनची चपटी, सॅमसंगची आणखी तिसरीच. २००० नंतरच्या दशकात ज्यांनी मोबाइल वापरला, त्यांना हा पसारा सांगायला नको. ‘बारीक पिन आहे का कुणाकडे?’ हा प्रश्न लग्नाच्या हॉलपासून एसटी स्टँडपर्यंत कुठेही कानावर पडायचा. युरोपात तर तेव्हा तीसहून अधिक प्रकारचे चार्जर वापरात होते.

युरोपीय आयोगाने २००९ मध्ये कंपन्यांना आधी गोडीगुलाबीने समजावलं. नोकिया, सॅमसंग, मोटोरोला, अ‍ॅपल अशा बड्या कंपन्यांनी एका सामंजस्य करारावर सह्या केल्या आणि मायक्रो-यूएसबी हे सामाईक तोंड ठरलं. करारात एक पळवाट मात्र राहिली: फोनला मायक्रो-यूएसबी नसलं, तरी मध्ये अडॅप्टर लावून काम भागवता येत होतं. अ‍ॅपलने नेमकी तीच वाट धरली. २०१२ मध्ये आयफोन ५ बाजारात आला तो स्वतःची नवी ‘लाइटनिंग’ पिन घेऊन. ऐच्छिक करार अगदीच वाया गेला असं म्हणता येणार नाही. तिसावरून गाडी तीन प्रकारांवर आली. पण तिनावरून एकावर ती येईना.

चीनने याआधीच, २००६ मध्ये, जास्त चतुर नियम केला होता. फोनच्या तोंडाशी भांडत न बसता त्यांनी चार्जरच्या बाजूला यूएसबी सक्तीचं केलं. फोन बदलला तर फक्त केबल बदलायची, भिंतीत खोचायचा ठोकळा तोच ठेवायचा. या नियमाचं श्रेय चीनला फारसं कुणी देत नाही, हे नवलच.

सप्टेंबर २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने कायद्याचा मसुदा मांडला. अ‍ॅपलचा आक्षेप असा, की एकच पिन लादली तर नवं काही घडणारच नाही आणि जुन्या केबलींचा कचरा होईल. यातल्या पहिल्या मुद्द्यात तथ्य होतं. २००९ मध्येच मायक्रो-यूएसबी कायद्याने कायम केली असती, तर २०१४ मध्ये आलेल्या टाइप-सीची वाट बिकट झाली असती. पण हा मुद्दा अ‍ॅपलच्या तोंडी शोभत नव्हता. कंपनीने स्वतःच २०१५ मध्ये मॅकबुकला आणि २०१८ मध्ये आयपॅड प्रोला टाइप-सी दिली होती. आयफोनवरच लाइटनिंग टिकवण्यामागे नव्या संशोधनाची काळजी किती आणि अ‍ॅक्सेसरी बनवणाऱ्यांकडून मिळणारं परवाना शुल्क किती, याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा.

४ ऑक्टोबर २०२२ रोजी युरोपीय संसदेत मतदान झालं: बाजूने ६०२, विरोधात १३, तटस्थ ८. मोबाइल, टॅबलेट, कॅमेरे, हेडफोन, स्पीकर वगैरेंसाठी २८ डिसेंबर २०२४ ही मुदत ठरली. लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ पर्यंत सवड मिळाली. जलद चार्जिंगसाठीही ‘यूएसबी पॉवर डिलिव्हरी’ ही एकच पद्धत सक्तीची झाली. कंपनीला स्वतःची वेगळी पद्धत देता येते, पण तिच्यामुळे सामाईक पद्धतीत अडथळा येता कामा नये. शिवाय चार्जरविना उपकरण विकत घ्यायची मुभा ग्राहकाला मिळाली. वापराविना फेकल्या जाणाऱ्या चार्जरचा वर्षाला अकरा हजार टन कचरा होतो, असा युरोपचा अंदाज होता.

अ‍ॅपलने मुदतीची वाट पाहिली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ टाइप-सी घेऊन आला आणि तो एकट्या युरोपसाठी नव्हता. दोन बाजारांसाठी दोन वेगळे फोन बनवणं कुणालाच परवडत नाही. त्यामुळे ब्रुसेल्सच्या कायद्याचा परिणाम पुण्याच्या लक्ष्मी रोडवरच्या दुकानातही दिसला. भारतात नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने उद्योगांना एकत्र बसवून टाइप-सीवर सहमती घडवली. साध्या फोनचा विचार मात्र वेगळा ठेवला, आणि ते शहाणपणाचंच होतं. हजार-दीड हजारांच्या फोनवर पिन बदलण्याचा खर्च जाणवतो. पाठोपाठ भारतीय मानक ब्युरोने टाइप-सीचं मानकही प्रसिद्ध केलं.

तोंड एक झालं, तरी गोंधळ संपलेला नाही. तो केबलमध्ये शिरला आहे. वरून हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन टाइप-सी केबलींपैकी एक ६० वॅटवर थांबते, तर दुसरी २४० वॅटपर्यंत वीज वाहते, कारण तिच्या टोकात ओळख सांगणारी चिप बसवलेली असते. फोटो-व्हिडिओ पाठवण्याच्या वेगाचंही तेच. साध्या आयफोन १५ ची टाइप-सी सेकंदाला ४८० मेगाबिटच्या जुन्याच वेगाने डेटा पाठवते, तर त्याच्याच प्रो भावंडाचा वेग वीसपटीहून जास्त आहे. कायद्याने पिन जुळली, वेग जुळला नाही. दुकानात केबल घेताना वॅटचा आकडा विचारून घ्यावाच लागतो.

चार्जरनंतर युरोपने बॅटरीकडे मोर्चा वळवला आहे. १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता-घालता यावी, असा तिथला नियम आहे. त्यातल्या सवलती आणि पळवाटा पुढच्या भागात.